मृगाआधीची प्रयोगशाळा

पुण्याच्या नारायण पेठेत प्रयोगशाळा म्हटली की एक तर शाळेतली विज्ञानाची खोली, नाही तर जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची पॅथॉलॉजी लॅब. दोन्हींचे शत्रू तेच. एकीकडे लक्ष्मी रस्त्याची वाहनं आणि पाडल्या जाणाऱ्या वाड्यांची चुना-सिमेंटची धूळ, दुसरीकडे मुठा नदी. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग झाला की पेठेला डेक्कनशी जोडणारा भिडे पूल पाण्याखाली जातो. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा तर पाणी पेठेतल्या घरांत शिरलं होतं. असा पूर क्वचितच येतो; भिंतीतली ओल मात्र दरवर्षी ठरलेली.

मेच्या अखेरीस उपकरणांची देखभाल करणाऱ्या एका तंत्रज्ञाबरोबर अशा खोल्यांतून हिंडलो. शाळेत शिरताच ते म्हणाले, "मामा, आधी सगळ्यांच्या पिना काढा." शिपाई मामांनी पिना काढल्या. कपॅसिटरमधला भार उतरेपर्यंत थांबून मग एका बॅटरी एलिमिनेटरचं झाकण उघडलं. आत राखाडी धुळीचा थर. ब्लोअर पिशवीतच राहिला. "उडवलेली धूळ जाणार कुठं? शेजारच्या मीटरमध्ये." एका हातात मऊ ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी. धूळ मोकळी करायची आणि लगेच ओढून घ्यायची. पंखा असेल तर पातं बोटानं धरायचं. हवेच्या झोतानं तो गरगर फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि मोटरच उलटी वीज तयार करते.

कोरडी धूळ सहसा वीज फारशी वाहू देत नाही. ती उष्णता कोंडते, एवढाच तिचा उपद्रव. खरी गंमत पावसाळ्यात सुरू होते. धुळीत क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात आणि सर्किटच्या दोन रेघांमध्ये वीज वाहून नेणारा पातळ थर तयार होतो. थोडी वीज भलत्या वाटेनं झिरपते, तांब्यावर हिरवट गंज चढतो. उपकरण बंद पडलं तर निदान कळतं तरी; त्याआधीचे कित्येक दिवस ते चालू असतं आणि आकडा हळूहळू सरकत असतो. शाळेत त्यामुळे प्रयोग चुकतो, पॅथॉलॉजीत रुग्णाचा रिपोर्ट.

पुण्याचं हवामान धूळ आणि ओल या जोडीला अगदी सोयीचं. मेच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. इतक्या कोरड्या हवेत स्थिर विद्युत साठते आणि धूळ प्लास्टिकला चिकटून बसते. जुलै-ऑगस्टच्या सकाळी हीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात शाळेची सुट्टी नेमकी या दोहोंच्या मध्ये. एप्रिल-मेमध्ये खोलीला कुलूप, उपकरणांवर धूळ. जूनच्या मध्यावर कुलूप निघतं तेव्हा पाऊस हजर. सुट्टीभर बंद असलेला ओव्हन पहिल्याच दिवशी आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, पाडतो, त्याचंही कारण ओलच. हीटरच्या नळीत भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड पाणी शोषते. असा हीटर मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणानं, तपासून कमी तापमानावर सावकाश सुकवावा लागतो. ट्रिप होतं म्हणून आरसीसीबीच काढून टाकणं म्हणजे जिवाशी खेळ.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये धूळ आतही तयार होते. जुन्या सेंट्रिफ्यूजचे कार्बन ब्रश झिजतात आणि त्यांची काळी भुकटी मोटरच्या पोटात साठते. ती तर कोरडी असतानाही वीज वाहून नेते. तिथला दुसरा घोळ एसीचा. दिवसभर एसी, रात्री बंद, सकाळी खिडकी उघडी. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. त्या हवेत २४ अंशांचं उपकरण सापडलं की त्यावर दव धरलंच. म्हणून आधी खोली बाहेरच्या हवेपासून बंद ठेवायची आणि गार झालेलं यंत्र खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय सुरू करायचं नाही.

मायक्रोस्कोपच्या भिंगावर बुरशी धरते, म्हणून पूर्वी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवत. नाव झिरोचं असलं तरी तो वीज खाई आणि कपाट उबदार ठेवी. आता त्याच होल्डरमध्ये एलईडी आला आहे. प्रकाश पडतो, ऊब नाही. बल्ब लागलेला दिसतो म्हणून कुणाला शंकाही येत नाही. त्यापेक्षा घट्ट बंद होणारं कपाट आणि सिलिका जेल बरं. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र रंग बघायची जबाबदारी कुणाकडे तरी हवी.

झाकणांचंही तसंच. गरम यंत्रावर लगेच प्लास्टिक घातलं की आत घाम धरतो. यंत्र बंद करावं, निवू द्यावं, मग सुती कापड घालावं. टेबलावरची बरीचशी उपकरणं आयपी २० दर्जाची असतात. यातला पहिला आकडा सांगतो की बोट आत जाणार नाही. शून्य सांगतो की पाण्यापासून संरक्षण काहीच नाही. धुळीचंही तेच. म्हणजे बचाव यंत्रानं नव्हे, खोलीनं करायचा.

शाळांनी आणि लॅबवाल्यांनी हे काम दिवाळीच्या साफसफाईवर ढकलू नये. मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृग लागायच्या आत, धूळ काढून घ्या, मोटर आणि हीटर मेगरनं तपासा, भिंतीला टेकलेली टेबलं वीतभर पुढे ओढा आणि खोलीत आर्द्रतामापक टांगा. त्याचा काटा ६० टक्क्यांच्या आत राहील, हे पाहणारा एक माणूस नेमा. ओल आपल्या हातात नसते. ती येण्याआधी धूळ काढणं नक्कीच असतं.