कार्डाला बढती, खात्याला नवा जन्म?

'आपल्या क्रेडिट कार्डास बढती मिळाली आहे' असा निरोप आला की सामान्य ग्राहक सुखावतो. सिल्व्हासानजीक सामरवरणी येथे कारखान्यांच्या आधाराने बिऱ्हाड थाटलेल्या नोकरदारांनाही हा मोह चुकलेला नाही. भाड्याच्या खोलीत राहून हक्काच्या घरासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या ह्या वर्गाने मात्र होकार देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा. कार्ड नवे होईल; खाते जुनेच राहील काय?

प्रश्न क्षुल्लक नाही. वाण्याच्या वहीत ज्याचे खाते जुने आणि चोख, त्याची पत मोठी, हे कोणी सांगावे लागत नसे. आज ती वही सिबिलसारख्या चार पतमाहिती कंपन्यांच्या हाती आहे आणि त्यांचा कारभार २००५ च्या कायद्याने बांधलेला आहे. माणसाची पत ३०० ते ९०० ह्या अंकांत मोजली जाते. (पत ह्या शब्दाला आपल्याकडे अब्रूचा अर्थ आहे, अंकांना तो कळत नाही. असो.) वेळेवर परतफेड ही त्या मोजणीतील मोठी बाब खरी, परंतु खाती किती जुनी आहेत हेही तेथे पाहिले जाते.

बँकेने तेच खाते चालू ठेवून केवळ कार्डाचा प्रकार बदलला, तर खाते उघडल्याची मूळ तारीख कायम राहते आणि वयाला धक्का लागत नाही. परंतु जुने खाते बंद करून नव्या अर्जावर नवे उघडले, तर तारीखही नवी पडते. समजा, एकाचे कार्ड आठ वर्षांचे व दुचाकीचे कर्ज दोन वर्षांचे आहे. सरासरी पाच वर्षांची. कार्डाचे खाते नव्याने सुरू झाले की चालू खात्यांची सरासरी एक वर्षावर येते. बंद खात्याची नोंद अहवालात काही वर्षे राहते, म्हणून सारे संचित एका रात्रीत बुडते असे नव्हे. तरी नव्या अर्जाबरोबर होणारी चौकशी अहवालात उमटतेच, आणि गृहकर्जाच्या तोंडावर एवढेही नडू शकते.

ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून कार्डाला बढती देऊ नये, आणि दिल्यास वसूल केलेली रक्कम परत करून शिवाय तिच्या दुप्पट दंड द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ठरविले. ते योग्यच झाले. पण काय गमावले जाईल हे ठाऊक नसताना दिलेल्या संमतीला संमती कसे म्हणावे? विमानतळावरील विश्रामकक्षाची महती सांगणाऱ्या बँकेने खात्याची तारीख तीच राहणार की बदलणार, हेही त्याच पत्रात लिहून द्यावे, अशी आमची मागणी आहे.

तोवर ग्राहकाने ही हमी लेखी मागावी. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. बढतीनंतर तो मागवून 'खाते उघडल्याची तारीख' हा रकाना प्रथम पाहावा. नोंद चुकीची असल्यास तक्रार करावी. तीस दिवसांत तिचे निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केली आहे.