सातची शाळा, सोळाव्या वर्षाचं घड्याळ

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांना आदेश दिला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काही आठवड्यांपूर्वीच जाहीरपणे काढला होता. हेतू चांगलाच होता. पहिलीतल्या पोराला पेंगत्या डोळ्यांनी रिक्षात कोंबावं असं कुणाला वाटतं? पण झोपेच्या अभ्यासकाने हा नियम लिहिला असता, तर त्याने बहुधा वरच्या वर्गांपासून सुरुवात केली असती. सात-आठ वर्षांचं मूल रात्री वेळेवर आडवं केलं की झोपतं, आणि रविवारीही भल्या सकाळी उठून घर डोक्यावर घेतं. नववी-दहावीतल्या मुलाचं तसं नसतं. आणि दोन सत्रांत चालणाऱ्या कितीतरी शाळांत सातचं सत्र नेमकं याच मोठ्या मुलांच्या वाट्याला येतं.

मोठी मुलं उशिरा झोपतात म्हटलं की आरोपी ठरलेला असतो: मोबाइल. तो निर्दोष नाही, पण हा गुन्हा त्याच्या जन्माआधीचा आहे. झोपेच्या अभ्यासक मेरी कार्सकॅडन यांनी 1976 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांचं उन्हाळी ‘झोप-शिबिर’ सुरू केलं. दहा-बारा वर्षांची मुलं वसतिगृहात राहायला यायची, डोक्याला तारा लावून झोपायची आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा यायची. रात्री दहा ते सकाळी आठ ही झोपायची मुभा सगळ्यांना सारखी. वय वाढेल तशी झोप कमी लागेल, अशी अटकळ होती. ती साफ चुकली. मुलं उंच झाली, आवाज फुटले, झोप मात्र सव्वानऊ तासांच्या आसपासच राहिली. शिवाय लहानपणी आठच्या आत आपोआप जागी होणारी हीच मुलं आता उठवावी लागू लागली, आणि रात्री तितकीच झोप होऊनही दुपारी पेंगू लागली.

कारण शरीरात आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका शरीराचं घड्याळ चालवतो. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक पाझरू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. वयात येताना ही वर्दी तासा-दोन तासांनी लांबते. दिवसभर जागं राहिल्याने साचत जाणारा झोपेचा दाबही या वयात पूर्वीपेक्षा सावकाश चढतो. त्यामुळे दहा वाजता ‘झोप आता’ म्हणून दिवा घालवला, तरी मुलगा अंधारात छताकडे बघत पडतो. हट्टाने नव्हे, झोप खरोखरच आलेली नसते म्हणून. म्युनिकचे संशोधक टिल रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा मांडल्या, तेव्हा ही सरक विशीच्या आसपास थांबून उलटी फिरताना दिसली, मुलींमध्ये मुलांपेक्षा थोडी आधी. किशोरवय संपल्याची ही जैविक खूण मानावी, असं त्यांनी 2004 मध्ये सुचवलं.

आपल्याकडे यात भूगोलाचीही भर आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळपास दहा अंश. म्हणजे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे 39 मिनिटं मागे चालतो. जानेवारीत मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. सातच्या शाळेची प्रार्थना सुरू होते तेव्हा सूर्य उगवलेलाही नसतो.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतले निद्रातज्ज्ञ सांगतात. साडेपाचला उठणाऱ्या मुलाने आठ तास मिळवायचे तर साडेनऊला त्याचा डोळा लागायला हवा. क्लासमधून तो घरी येतो तीच ती वेळ!

मग घरात काय करता येईल? भांडण झोपायच्या वेळेवरून न घालता उठायच्या वेळेवर तह करावा. झोप हुकमाने येत नाही, पण उठण्याची वेळ आणि त्यानंतरचा उजेड आपल्या हातात असतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स उजेड असतो. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे. शरीराचं घड्याळ मागे ओढायला बाहेरचा उजेड लागतो. संशोधक केनेथ राइट यांनी 2013 मध्ये कोलोरॅडोत काही प्रौढांना आठवडाभर विजेच्या दिव्यांशिवाय तंबूत ठेवलं, तेव्हा त्यांचं मेलॅटोनिन जवळपास दोन तास आधी पाझरू लागलं. आपल्याला तंबू ठोकायची गरज नाही. सकाळी अर्धा तास अंगणात, गच्चीत किंवा मैदानावर, आणि रात्री जेवणानंतर घरातले मोठे दिवे बंद, एवढंही पुष्कळ.

रविवारी बारापर्यंत झोपू देण्यात माया असते, पण सोमवार त्याची वसुली करतो. दर आठवड्याला दुबईला जाऊन यावं, तसं शरीर दोन वेळांत हेलकावत राहतं. तासभर जास्त झोप ठीक. त्याहून फार नको. सकाळच्या सत्राच्या मुलांचा आणखी एक घोळ असतो: एकला घरी, जेवण, आणि चारपर्यंत गाढ झोप. साचलेला दाब तिथेच उतरतो, मग रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्यावी, गजर लावूनच. अभ्यासासाठी रात्री दहाला करून दिलेला चहाही आईने बंद करावा. त्यातलं निम्मं कॅफीन पहाटे तीनलाही रक्तात असू शकतं. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा नियम चालतो, पण बाबांचा फोनही तिथेच असला तर.

हे सगळं करूनही सातची घंटा सातलाच होते, आणि तिथे घरचे उपाय थिटे पडतात. सिअ‍ॅटल शहराने 2016 मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा 7:50 ऐवजी 8:45 ला सुरू केल्या. मुलं रात्री आणखी जागतील, असा अनेकांचा होरा होता. मनगटी यंत्रांनी मोजलं तर झोप रोज सरासरी 34 मिनिटांनी वाढलेली. कॅलिफोर्नियाने पुढे कायदाच केला, आणि 2022 पासून तिथली बहुतेक सरकारी हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत.

आपल्याकडे एका इमारतीत दोन शाळा बसवायच्या असतात, हे खरं. सत्रांची अदलाबदल हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय होता: लवकर उठणारी धाकटी सकाळी, मोठी दुपारी. 2024 च्या आदेशाने तो मार्ग जवळपास बंद केला. धाकट्यांना नऊच्या आधी बोलवायचं नाही, म्हणून जिथे वर्गखोल्या कमी तिथे पहाटेचं सत्र भरायला उरतात ती मोठीच मुलं.