पेळूपासून चीवरापर्यंत : आमचा सूतकताईचा वर्ग

पालकसभेत दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो. शनिवारी सकाळची वंदना आटोपली की पाचवी ते सातवीची मुलेमुली सभागृहात बसून टकळीवर सूत काततात, ते कशासाठी? ज्या वेळात संगणक शिकता येईल त्या वेळात कापसाचे पेळू हातात का द्यायचे? एखादे ज्येष्ठ कार्यकर्ते याहून टोकदार प्रश्न करतात : चरखा हे गांधीजींचे साधन, त्यामागच्या अर्थकारणाला बाबासाहेबांनी स्पष्ट विरोध केला, मग बौद्ध संस्थेच्या निवासी विद्यालयात ते कसे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. सभेच्या गडबडीत त्यांना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते येथे देत आहोत.

टोकदार प्रश्न आधी घेऊ. काँग्रेस व गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झडती घेणारा बाबासाहेबांचा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रांविषयीची त्यांची भूमिका निःसंदिग्ध आहे. यंत्र माणसाला ढोरमेहनतीतून सोडवते, विचाराला आणि संस्कृतीला लागणारी फुरसत मिळवून देते. दोष यंत्राचा नाही, ते ज्या समाजरचनेत चालवले जाते तिचा आहे. ही भूमिका आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. हातकताईवर कोणी पोट भरावे असे आम्ही मुलांना सांगत नाही. उलट सातवीच्या मुलांकडून एक हिशेब करवून घेतो. एका सदऱ्याला दोन मीटर कापड लागते. कापडाचा एक सेंटिमीटर भिंगाखाली धरून धागे मोजले, ताणा आणि बाणा दोन्हींचे, की त्या दोन मीटरांत पाच-सहा किलोमीटर सूत आहे असे उत्तर निघते. आमचा चांगला हात बसलेला विद्यार्थी तासाभरात पन्नास मीटरच्या आसपास सूत काततो. म्हणजे एका सदऱ्यासाठी शंभराहून अधिक तास, आणि विणाई अजून वेगळीच. फळ्यावर हे उत्तर आले की वर्ग क्षणभर गप्प होतो. यंत्राने माणसाचे काय वाचवले, हे सांगायला मग भाषण लागत नाही.

१९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमच्या योजनेतून टकळी अनेक शाळांत पोहोचली. आमच्या विद्यार्थ्यांच्या काही आजी-आजोबांना तो सूतकताईचा तास आठवतो, आणि बहुतेकांना तो कंटाळवाणा आठवतो. नेमून दिलेले सूत भरायचे, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. आम्ही सुताचे वजन करत नाही. कोणी किती कातले याची नोंदही ठेवत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बोंडातला कापूस हाती येतो तेव्हा त्यात सरकी असते. ती काढून कापूस पिंजला की तंतू मोकळे होतात. पिंजलेला कापूस काडीभोवती हलक्या हाताने गुंडाळून काडी काढून घेतली की पेळू तयार होतो. पेळू नीट नसेल तर पुढचे सगळे बिघडते. म्हणून पहिले दोन शनिवार मुले केवळ सरकी काढतात, कापूस विंचरतात आणि पेळू वळतात. टकळी म्हणजे वीतभर लांबीची पोलादी काडी, खालच्या बाजूस पितळी चकती आणि वरच्या टोकाला बारीक आकडा. कापसाचा तंतू आखूड असतो, साधारण पंचवीस ते तीस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम इंचभर. टकळी अधांतरी सोडली तर तिच्याच वजनाने कोवळा धागा तुटतो. म्हणून तिचे खालचे टोक वाटीत टेकवायचे, डाव्या हातात पेळू धरायचा, उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने टकळीला भिंगरीसारखी गिरकी द्यायची आणि डावा हात सावकाश वर न्यायचा.

इंचभर लांबीच्या तंतूंचा किलोमीटरभर लांब धागा होतो कसा, हा या कामातला खरा चमत्कार आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात आहे : पीळ. सुटे तंतू ओढले तर एकमेकांवरून घसरतात. पीळ दिला की ते एकमेकांभोवती आवळले जातात आणि मग धागा ओढावा तितके त्यांच्यातले घर्षण वाढते. जे बळ धागा तोडायला निघाले तेच त्याला घट्ट करते. पीळ कमी पडला तर तंतू घसरून धागा तुटतो. जास्त झाला तर धागा स्वतःभोवतीच वळून त्यात आट्या पडतात. ही जागा शब्दांनी दाखवता येत नाही. बोटांनाच ती सापडावी लागते, आणि ती सापडायला कोणाला एक शनिवार लागतो, कोणाला आठ. गणितात पुढे असलेली मुले येथे पुढे असतातच असे नाही. वर्गात मागे बसणाऱ्या, फारसे न बोलणाऱ्या मुलांचा हात पुष्कळदा आधी बसतो असा आमचा अनुभव आहे. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी सुद्धा आम्ही हा वर्ग चालू ठेवला असता.

धागा तुटतो, सतत तुटतो. तुटलेले टोक पेळूच्या मोकळ्या तंतूंवर ठेवून टकळीला पुन्हा गिरकी दिली की पीळ दोघांना पकडतो. गाठ मारायची नाही, हा आमच्या वर्गातला एकमेव कडक नियम. नवीन मूल घाईने गाठ मारते, आणि ती गाठ पुढे विणताना अडते.

कातताना मन इकडेतिकडे गेले की बोटांना ते आधी कळते. आनापानाचा सराव मुले रोज करतात, पण लक्ष सुटले म्हणजे काय झाले, हे तुटलेल्या धाग्यासारखे स्पष्ट दुसऱ्या कशाने दिसत नाही. या संदर्भात धम्मपद अट्ठकथेतील आळवीच्या विणकरकन्येची गोष्ट आम्ही सांगतो. तथागतांची देशना ऐकून मरणस्मृतीची भावना करणारी ती सोळा वर्षांची मुलगी. तथागत पुन्हा आळवीला आले त्या दिवशी वडिलांनी तिला बाण्याचे सूत भरून आणायला सांगितले होते. देशना ऐकायची ओढ एकीकडे, अपुरे कापड आणि वडिलांचा राग दुसरीकडे. तिने आधी काम पुरे केले आणि सुताची टोपली घेऊन वाटेत सभेपाशी थांबली. तोवर तथागत मौन धरून बसले होते, सारा जनसमुदाय समोर असताना. एका विणकराच्या मुलीचे सूत भरून होईपर्यंत बुद्ध थांबले, हे ऐकताना आमच्या मुली टकळी थांबवतात.

विणकर आणि संघ यांचे नाते महाराष्ट्राच्या दगडावरही कोरलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले : एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. मुलांनी हे ताडून पाहिले : दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. ज्यांच्याकडे राजघराण्याची ठेव कायमची सुरक्षित राहील असा भरवसा होता, ते लोक हातमागावर बसणारे होते. कान्हेरीच्या लेखांतही कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. वर्तकनगरातून दिसणाऱ्या येऊरच्या डोंगरापलीकडेच ती लेणी आहेत, त्यामुळे ही सहल मुलांना लांबची वाटत नाही.

त्या भरवशापासून पुढच्या काळापर्यंतचे अंतर फार मोठे आहे, आणि तेही मुलांपासून लपवता येत नाही. विदर्भात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे जाडेभरडे कापड विणून जगत. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. गिरण्यांचे सूत आणि कापड आले, माग थांबले, आणि त्याच हातांना गिरणीत काम शोधावे लागले. मुंबईच्या गिरण्यांत मात्र एक दार बंद होते. विणाई खात्यात पगार अधिक. पण तेथे धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत आपल्या तोंडाला लागेल, म्हणून सवर्ण कामगार त्या खात्यात आपल्या माणसांना येऊ देत नसत. त्यांनी कमी पगाराच्या कताई खात्यात राहायचे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला आणि विणाई खाते सर्वांना खुले करण्याची मागणी केली.

आमच्या वर्गात भिवंडीहून आणलेला एक जुना लाकडी धोटा आहे. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने धागा त्याच्या छिद्रातून सहज ओढता येतो, आणि मुले तसाच ओढतात. ही हकीकत सांगून झाल्यावर सातवीतली एक मुलगी बराच वेळ धोटा हातात फिरवत होती. मग म्हणाली, "सर, मग एक तार द्यायची ना प्रत्येकाला." आम्हाला पुढे काही सांगावे लागले नाही.

चरखा विरुद्ध धम्मचक्र असा वाद रंगवणाऱ्यांसाठी एक तपशील नोंदवून ठेवतो. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजाचा ठराव केला. त्यात पांढऱ्या पट्ट्यावरील चक्र हे चरख्याचे प्रतीक असेल आणि त्याचा आकार सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्राचा असेल, असे दोन्ही एकत्र लिहिले आहे.

आमच्या शेजारचा इतिहास लोकरीचा आहे. जेकेग्राममधील रेमंडची गिरणी १९२५ सालची; आता ती बंद होऊन तेथे निवासी मनोरे उभे आहेत. वर्गात आम्ही थोडी लोकरही देतो. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा आणि बारीक खवले असतात, त्यामुळे तो तंतू दुसऱ्याला चटकन धरतो आणि कापसावर रडकुंडीला आलेले मूल लोकरीवर तासाभरात हसू लागते. घाटावर धनगर लोकर कातत आणि सनगर घोंगडी विणून तिला चिंचोक्यांची खळ देत, हे सांगितले की कोणाच्या तरी घरी ती घोंगडी असतेच.

मुलांचे सूत जाड-बारीक असते. चीवर होण्याजोगे ते नाही. वर्षावासानंतरच्या कठीण चीवरदानात कापड कापणे, शिवणे, रंगवणे सारे एकाच दिवसात पुरे करायचे असते. तेथे आमचे विद्यार्थी सुई-दोरा पुरवतात आणि पाहतात. चीवराचे तुकडे शेतांच्या बांधांप्रमाणे जोडलेले का, तर मगधातील भातखाचरे पाहून आनंदांनी तशी रचना केली, अशी विनयपिटकातील कथा आहे. तेथेच दुसरी एक कथा येते. उदयन राजाने आनंदांना विचारले, तुम्हाला मिळालेल्या पाचशे वस्त्रांचे काय करणार? जीर्ण चीवरे असलेल्या भिक्षूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे? पलंगपोस. त्यांचे? पुढे गादीची खोळ, जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, झाडन. आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून त्यांनी जमीन सारवू. मुलांना ही गोष्ट लगेच कळते. त्यांच्या आजीची वाकळ याच रीतीने बनलेली असते.

मुलांच्या सुतातून लाकडी चौकटीवर आम्ही लहान आसने विणतो. विहारातील वंदनेच्या ओळीत ती अंथरलेली दिसतील. यंदा वाकळी शिवायच्या आहेत. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी घरची जुनी लुगडी, धोतरे, चादरी शनिवारी सकाळी आणून द्यावीत. कापड सुतीच असावे, धुतलेले असावे. टेरिकॉट देऊ नये, त्यात सुई अडते. आणि ज्यांच्या घरी वाकळ शिवणारी आजी आहे त्यांनी आजीलाही सोबत आणावे. कडेचा टाका कसा घालायचा, यावर आमच्यातच एकमत नाही.