धुराड्यातली काजळी आणि फायरप्लेसची निगा
लाकूड कधीच पूर्ण जळत नाही. न जळालेले वायू, डांबरी अंश आणि पाण्याची वाफ धुराबरोबर वर जातात आणि धुराड्याच्या थंड भिंतींवर थिजतात. या थराला क्रिओसोट म्हणतात. आधी तो भुरभुरीत असतो आणि ब्रशने सहज निघतो. पुढे त्याच्या काळ्या खपल्या धरतात आणि शेवटी चकचकीत, कडक लेप तयार होतो. तो साध्या ब्रशला दाद देत नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये फायरप्लेस असलेल्या घराने धास्ती बाळगावी ती या थराची. तो पेटला की धुराड्यातले तापमान 1000 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. आतले भाजक्या मातीचे अस्तर तडकते आणि फटींतून आग छताच्या लाकडांपर्यंत पोचते. कधी मोठी घरघर ऐकू येते, पण कधी ही आग गुपचूप लागून विझते आणि पडलेले तडे तपासणी होईपर्यंत कळतही नाहीत.

थर किती साचेल हे मुख्यतः लाकडाच्या ओलाव्यावर ठरते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. आगीची बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्च होते, धूर थंड राहतो आणि थर भराभर वाढतो. म्हणून ओलावा 20 टक्क्यांहून कमी हवा. त्यासाठी लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून रचतात. रास वरून झाकतात, बाजू मात्र उघड्या ठेवतात. असे निदान सहा महिने वाळवावे लागते, ओकसारख्या कठीण लाकडाला त्याहून बराच जास्त काळ लागतो. पाइनच्या लाकडाने धुराडे खराब होते हा समज पक्का आहे, पण दोष असतो तो ओलाव्याचा. लाकूड पुरवण्यासाठी हवा कोंडून आग रात्रभर धुमसत ठेवणे ही तर सगळ्यात महाग काटकसर. रंग दिलेले किंवा रसायन मुरवलेले लाकूड आणि प्लॅस्टिक जाळल्यास विषारी धूर होतो.

अमेरिकेच्या ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’च्या मानकानुसार धुराड्याची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. थर सुमारे 3 मिलिमीटर झाला की सफाई करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. ब्रश धुराड्याच्या नळाच्या मापाचाच घेतात. घरात काजळी उडू नये म्हणून फायरप्लेसचे तोंड आधी झाकून घेतात, आणि मास्कशिवाय हे काम करू नये. काजळीने कर्करोग होतो हे 1775 मध्येच लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी दाखवले होते. त्या काळी इंग्लंडमध्ये लहान मुलांना धुराड्यात चढवून सफाई करून घेत. ती प्रथा 1875 च्या कायद्यानंतर बंद पडली. कडक लेप काढणे किंवा छतावर चढणे हे मात्र जाणकाराचेच काम आहे. धुराड्यावर जाळीची टोपी असली की पाऊस, पक्षी आणि ठिणग्या यांचा प्रश्न सुटतो. अमेरिकेत ‘चिमनी स्विफ्ट’ हे पक्षी धुराड्यात घरटी करतात आणि त्यांना कायद्याचे संरक्षण असल्याने अंडी-पिल्ले असलेले घरटे हलवता येत नाही.

रोजच्या वापरात धुराड्याची झडप आग पेटवण्याआधी उघडावी आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत मिटू नये. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. त्याला ना वास ना रंग. म्हणून या वायूचा इशारा देणारे यंत्र झोपण्याच्या खोलीजवळ लावतात. राखेत निखारे काही दिवससुद्धा जिवंत राहतात. ती कागदी पिशवीत किंवा व्हॅक्यूम क्लीनरने भरू नये. झाकणाच्या लोखंडी बादलीत घालून बादली घराबाहेर, भिंतीपासून आणि लाकडी ओट्यापासून दूर ठेवावी.

धुराड्याने पेट घेतलाच तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतू नये, त्याने अस्तर आणखी फुटते. आग विझल्यावरही तपासणी होईपर्यंत तिथे पुन्हा लाकूड पेटवू नये.