सोनं वजनावर, रेशीम कशावर?

लग्नसराई आहे, दागिन्यांवर लिहा, असं संपादकांचं फर्मान होतं. भीमाशंकरच्या रस्त्यावर, डिंभे धरणाच्या अलीकडे शिनोली आहे. तिथल्या एका लग्नघरी आजीची ठुशी गाठवायला निघाली होती, तिच्या मागोमाग मीही बाजारात आले. लिहायचं होतं सोनारावर, पण खिळून राहिले पटवेकऱ्यापाशी.

सोनार मणी घडवतो. ते ओवून, गाठवून गळ्यात घालण्याजोगं करणं हे पटवेकऱ्याचं काम. ठुशी, बोरमाळ, तन्मणी, काळी पोत, सगळं त्याच्या हातून जातं. त्याचं दुकान म्हणजे सराफाच्या पायरीवरची चटई आणि एक डबा. डब्यात रेशमाच्या लडी, जर, मेण, सुया, कात्री. यंत्र एकच, पायाचा अंगठा. दोऱ्याचा फास अंगठ्यात अडकवायचा, दोरा ताणायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. ताण वाढवायचा तर गुडघा जरा सरळ करायचा, कमी करायचा तर वाकवायचा.

मला भुरळ घातली ती मानेमागच्या गुंडीनं. ठुशीच्या दोन्ही टोकांचे गोफ या गुंडीतून जातात. गोंडे ओढले की ठुशी गळ्याला भिडते, गुंडी मागे सारली की सैल होते. म्हणून एकच ठुशी आजीलाही बसते आणि नातीलाही. यात ना फासा, ना आकडा. सगळी पकड घर्षणाची. गुंडीचे वेढे सैल पडले तर दागिना निसटेल, फार आवळले तर गुंडी हलणारच नाही. पटवेकरी आधी गोफांवर दोऱ्याचा एक फास आडवा ठेवतो, त्यावर वेढे घेतो, उरलेलं टोक फासात घालतो आणि फास खालून ओढतो. टोक वेढ्यांच्या पोटात गडप होतं. डिंक नाही, उघडी गाठ नाही. मग तो गोफ ओढून पाहतो, मान हलवतो, दोन वेढे उसवतो आणि पुन्हा घेतो. किती आवळायचं हे चिमटीला कळतं, त्याला माप नाही.

इथल्या कारागिरांची नोंद जुनी आहे. शेजारच्या जुन्नरच्या लेण्यांतल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. लोक त्यांच्याकडे विश्वासानं ठेव ठेवत आणि तिच्या व्याजातून धर्मकार्य चाले. धंद्याला नाव होतं, पत होती.

आज सोन्याचा हिशेब चोख आहे. हॉलमार्क आहे, 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी ओळखक्रमांक सक्तीचा आहे, बिलात वजन, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी आहे. गाठवणाऱ्याची मजुरी मात्र बहुधा हातावर टेकवली जाते. गिऱ्हाईक सोन्याच्या भावाबद्दल अवाक्षर काढत नाही आणि दोऱ्याच्या पैशांसाठी घासाघीस करतं.

रेशीम घाम पितं, ओलं झालं की त्याची ताकद घटते, वर्षं सरली की कुजतं. या कुजण्यावरच पटवेकऱ्याचं पोट चालतं, कारण दागिना पुन्हा त्याच्याकडे येतो. आता नायलॉन टिकतं, तयार साखळी आणि आकडा स्वस्त पडतो, एक ग्रॅमची ठुशी तुटली तर फेकून नवी घेतात. दुरुस्ती गेली की शिकाऊ पोरगंही जातं, कारण हात बसतो तो दुरुस्तीवरच. जुनी गुंडी उसवताना ती कशी बांधली होती ते कळतं. नव्या मालात उसवायला काही नसतंच.

सरकारी मदतीचं काय? 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, 5 टक्के व्याजानं कर्ज मिळतं. यादीत सोनार आहे, फुलांच्या माळा करणारा आहे, शिंपी आहे, मासेमारीची जाळी विणणाराही आहे. सोन्याचे मणी रेशमात गुंफणारा नाही. त्याच्या अंगठ्याला 15,000 चं अवजार नको असेल. पण व्यवसाय म्हणून नोंद, ओळखपत्र आणि शिकणाऱ्या मुलाला विद्यावेतन हवं. यादी वाढेल तेव्हा वाढेल. सराफांना मात्र बिलावर गाठवणावळीची एक वेगळी ओळ छापायला आजही कुणाची परवानगी लागत नाही.