मालेगावचे कोडे आणि तिसरे गुणसूत्र

एप्रिल २०२०मध्ये नाशिक जिल्ह्यात मालेगावचे नाव काढले तरी लोक चार पावले मागे सरत. यंत्रमागांचे हे दाटीवाटीचे शहर करोनाच्या पहिल्या लाटेत साऱ्या राज्याच्या काळजीचा विषय झाले होते. पुढच्या लाटेत मात्र नाशिक शहर होरपळले आणि लसीकरण कमी असूनही मालेगाव त्या मानाने निभावले. श्रेय कोणी तिथल्या युनानी काढ्याला दिले, तर कोणी तिथल्या माणसांच्या रक्तालाच. अखेर २०२२मध्ये, डॉ. माधुरी कानिटकर कुलगुरू असताना, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ‘मालेगाव मॅजिक’ या नावाने हे कोडे अभ्यासाला घेतले.

काढ्याचे राहू द्या. रक्ताची गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. १९८८मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मदाती आई किंवा वडील पन्नाशीच्या आत संसर्गाने गेले असतील, तर परक्या घरात वाढलेल्या त्या मुलांनाही संसर्गाने अकाली मरण येण्याचा धोका जवळपास सहापट होता. ज्यांनी वाढवले, ज्यांच्या ताटात ती जेवली, त्यांच्या अशा मृत्यूशी मात्र मुलांच्या धोक्याचा संबंध दिसला नाही. कर्करोगातही जन्मदात्यांशी असलेले नाते इतके ठळक उमटले नव्हते.

हे घडते कसे? विषाणू पेशीत शिरला की पेशीतले काही संवेदक त्याला ओळखतात आणि ‘इंटरफेरॉन’ नावाची प्रथिने बाहेर पडतात. कारखान्याचा भोंगा वाजावा तसा हा इशारा शेजारच्या पेशींना मिळतो आणि त्या विषाणूची वाढ रोखण्याच्या तयारीला लागतात. पहिल्या काही दिवसांत हा इशारा गेला नाही, तर विषाणू मोकाट वाढतो. प्रतिकारशक्ती मग उशिरा जागी होते आणि इतकी खवळते की फुप्फुसांचेच नुकसान करते.

नेदरलँड्समध्ये २०२०मध्ये दोन कुटुंबांतल्या चार तरुणांना, म्हणजे भावांच्या दोन जोड्यांना, करोनाने थेट व्हेंटिलेटरवर नेले. सगळे २१ ते ३२ वयाचे, एरवी धडधाकट. चौघांपैकी एक वाचला नाही. त्यांच्या ‘टीएलआर७’ या संवेदकाच्या जनुकात बिघाड निघाला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाईकडे एक्सच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. पुरुषाला ती सोय नाही. त्याच वर्षी गंभीर आजारी पडलेल्या ६५९ करोनारुग्णांच्या तपासणीत २३ जणांमध्ये इंटरफेरॉनशी संबंधित जनुकांतले असे दोष आढळले. हा आकडा छोटा आहे. पण या २३ जणांना आधी कोणी ‘प्रकृतीने नाजूक’ म्हटले नसते.

आता मालेगावलाच नव्हे, तर सगळ्या भारताला चिकटलेला एक तुकडा. स्वान्ते पाबो आणि ह्युगो झेबर्ग या जनुकशास्त्रज्ञांनी २०२०मध्ये दाखवले की, करोना गंभीर होण्याशी जोडलेला तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक भाग निअँडरथल मानवाकडून आपल्याकडे आला आहे. त्याने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता साधारण १.६ पट होते. युरोपात सुमारे १६ टक्के लोक तो बाळगतात. दक्षिण आशियात जवळजवळ निम्मे. बातमी आली आणि ‘भारतीयांचे जनुकच घातकी’ असे मथळे सजले. गंमत अशी की, पुढे झेबर्ग यांनाच हा तुकडा असलेल्यांमध्ये एचआयव्हीची लागण कमी होत असल्याचे आढळले.

मथळ्यांना उत्तर हैदराबाद आणि बनारसहून आले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि बनारस हिंदू विद्यापीठाचे ज्ञानेश्वर चौबे यांच्या गटाने २०२१मध्ये हा तुकडा कोणत्या राज्यात किती आढळतो, हे तिथल्या करोनाच्या आकड्यांशी ताडून पाहिले. संबंध लागला नाही. युरोपीय रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष इथे जसाच्या तसा उतरत नाही. मालेगावबाबतही हेच ध्यानात ठेवावे लागते. शहराला स्वतःचे असे जनुक नसते. पहिल्याच लाटेत किती जणांना नकळत लागण होऊन गेली, तरुण किती, चाचण्या किती झाल्या, हे प्रश्न आधी यायला हवेत. आणि एप्रिल २०२१मध्ये नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला, वीसहून अधिक रुग्ण दगावले, त्याला कुठलेच जनुक कारण नव्हते.

जनुकांचा खरा उपयोग शहर मोजण्यात नाही, एखादे कुटुंब वाचवण्यात आहे. ‘एचएलएच’ हा प्रतिकारशक्तीचा आजार घ्या. त्याच्या आनुवंशिक प्रकारात मारक पेशींचे हत्यारच सदोष असते. साध्या विषाणूने निमित्त केले की ताप उतरत नाही, यकृत-प्लीहा सुजतात, रक्तपेशी घटतात. बहुतेक वेळा आई-वडील दोघेही दोष बाळगून असतात, स्वतः मात्र ठणठणीत असतात. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या घरांत तशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ आहे. प्रतिकारशक्तीच्या अशा जन्मजात दोषांचे निदान तिथे होते. पण तिथवर पोहोचायचे तर ‘आधीचे एखादे मूल असेच तापाने गेले होते का?’ हा प्रश्न गावच्या दवाखान्यातच विचारला जायला हवा. निदान वेळेत झाले तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा मार्ग खुला राहतो. पुढच्या बाळाची तपासणी गर्भातच करता येते. आणि प्रतिकारशक्तीचा गंभीर जन्मजात दोष असलेल्या बाळाला तोंडातून पाजायची पोलिओची जिवंत लस टाळायची असते, हेही वेळीच कळते.