मैदान आणि सोबत

पुण्यातील डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ साली झाली. तेथील शर्यतींत खेड्यापाड्यांतले शेतकरी अनवाणी धावत. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी त्यांची धाव पाहिली आणि ऑलिंपिकचा विचार पुढे आला. १९२० साली धावपटू व मल्लांचा भारतीय संघ अँटवर्पला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

या इतिहासात कुटुंबांसाठी एक बोध आहे. त्या शेतकऱ्यांचे पाय श्रमांनी घडले होते; जिमखान्याने त्यांना मैदान, ठरलेला दिवस व जिद्दीचे सोबती दिले. आपल्या वाट्याला बैठे काम व लोकलचा प्रवास आला आहे. म्हणूनच मधुमेहाच्या रुग्णाला चालण्यास सांगताना ‘कोणाबरोबर चालाल?’ हेही मी विचारतो. एकट्याचा नेम पहिल्याच पावसात मोडतो. सोबत्याची हाक आली की पाय उंबरठा ओलांडतात.

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ असो वा सोसायटीच्या आवारात, चार घरांनी मिळून वेळ ठरवावी. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे झपझप चालावे. चालताना छातीत दुखल्यास वा धाप लागल्यास मात्र थांबावे व त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.